घडीमावशी आणि पेशीतला तपासनीस

इस्पितळाच्या तळघरात लॉन्ड्री होती, आणि लॉन्ड्रीच्या अगदी टोकाला, जिथून भरलेले गाडे लिफ्टकडे ढकलत नेत, तिथे काचेचं एक टेबल होतं. टेबलाच्या पोटात ट्यूबलाइट पेटलेल्या असायच्या. वर चादर पसरली की खालचा उजेड तिच्यातून वर यायचा, आणि मोहरीएवढं भोक असलं तरी लख्ख चमकायचं. या टेबलाशी एकोणीस वर्षं एकच बाई उभी होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. एरवी मुकादमापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला घडीमावशी म्हणायचे.

चादर बघायची, घडी घालायची, काठाची पट्टी बघून गाड्यात टाकायची, हे तिचं काम. निळी पट्टी असली तर वॉर्ड, पिवळी असली तर मुलांचा वॉर्ड, तांबडी स्वयंपाकघर, हिरवी ऑपरेशन थिएटर. बोटभर पट्टीवर सगळा कारभार. ती सुटून पडली तर चांगली धुतलेली, इस्त्री केलेली चादरसुद्धा कुठल्या कुठे जाऊन पडायची. एकदा एका मोठ्या डॉक्टरांचा कोट आठवडाभर स्वयंपाकघरात भांडी पुसत होता.

निळ्या-पिवळ्या चादरींची घडी साधी. हिरवीची मात्र वेगळी. ती अशी घालायची की सिस्टरने वरची दोन टोकं तेवढी धरावीत आणि बाकीची चादर कुणाचा हात न लागता आपोआप खाली उलगडावी. एक घडी उलटी पडली की चादर बादच. कारण उलगडताना हात लागणारच, आणि हात लागला की ती निर्जंतुक राहत नाही. म्हणून हिरव्या गठ्ठ्यात घडी घालणाऱ्याच्या नंबरची चिठ्ठी असायची. मावशीचा नंबर चार.

आणि टेबलाच्या डाव्या हाताला चिंध्यांचा गाडा. भोक दिसलं, वीण विरलेली दिसली, डाग राहिला, की चादर त्या गाड्यात. तिथून ती कातरयंत्रापाशी जायची आणि दहा मिनिटांत तिची फरशी पुसायची फडकी व्हायची. मावशीच्या हातून त्या गाड्यात गेलेली चादर परत आली, असं कधी झालं नव्हतं. रोलरवरच्या तात्याचा जीव त्यामुळे खालीवर व्हायचा, कारण ओल्या चादरी रोलरमधून सरळ काढायचं काम त्याचं.

"मावशी, अहो ही चांगली होती की!"

"तुला चांगली. उजेडाला नाही."

"लग्नाच्या वेळी नवरदेवालाही असंच टेबलावर आडवा घालून बघितला होतात का?"

"बघितला असता तर आज इथे उभी असते होय?" मावशी मान वर न करता म्हणायची, आणि सगळं तळघर हसायचं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशी मुलीकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. जावई मालवाहू जहाजावर, सहासहा महिने समुद्रात. घरात तिघीच: मावशी, तिची मुलगी आणि नऊ वर्षांची नात. नातीला सगळे खारूताई म्हणत. ते नाव मावशीनेच ठेवलेलं. पोर महिन्याची असताना तिच्या कपाळाचा पापा घेतला आणि मावशी म्हणाली, "अगं बाई, ही तर खारट लागते!" तेव्हा सगळे हसले होते. पुढे पोर खोकायला लागली. पोटभर दूध पिऊनही अंगी लागेना, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या घामातलं मीठ मोजलं, आणि हसणं तिथेच थांबलं.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. मावशीच्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. ती नुसतं 'दुखणं' म्हणायची. छातीत कफ डिंकासारखा घट्ट होतो, आतड्यात अन्न पचत नाही, दर थोड्या दिवसांनी ताप. पोर जेवणाआधी गोळ्या घ्यायची, वाफ घ्यायची, आणि वर्षातून दोन-तीनदा त्याच इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर पिवळ्या पट्टीच्या चादरीवर झोपायची. ती चादर मावशीच्याच हातची. मावशी कामाला सुरुवात करण्याआधी हात जोडायची आणि मनात म्हणायची, देवा, आज वर जाणाऱ्या चादरींवर जी लेकरं झोपतील त्यांना जप. नातीसाठी वेगळं मागायला तिला संकोच वाटायचा.

त्या वर्षी चौथ्या मजल्यावर नवीन डॉक्टरीण आली. तरुण, डोळ्यांखाली कायम काळं, आणि बोलताना समोरच्याकडे बघणारी. तिने जुने कागद चाळले आणि विचारलं, "हिच्या रक्ताची खोल तपासणी कधी झालीच नाही का? फक्त घामाची?"

"फक्त घामाची," मुलगी म्हणाली.

"मग ती करू या. आता एक औषध आलंय. सगळ्यांना नाही लागू पडत, पण ज्यांना पडतं ती मुलं धावायला लागतात. हिच्यात नेमकी चूक कुठली आहे ते कळायला हवं."

मुलीने आईचा हात इतका घट्ट धरला की मावशीच्या बांगडीचा वळ उठला. डॉक्टरीण पुढे बरंच बोलली. पेशी, प्रथिन, घडी. मुलीच्या डोक्यावरून सगळं गेलं. मावशीचे कान मात्र एका शब्दाशी टवकारले.

"घडी म्हणालात का?"

"हो. प्रथिनाची घडी."

"मग बाई, मला आमच्या तळघरासारखं करून सांगा. घडीतलं मला कळतं."

डॉक्टरीण हसली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती खरोखरच तळघरात उतरली. एवढ्या वर्षांत कुणी डॉक्टर खाली आला नव्हता. तात्याने लगबगीने स्टूल पुसून दिलं, त्यावर ती बसलीच नाही. वाफेने तिच्या चष्म्यावर धुकं आलं. तिने चष्मा कोटाला पुसला आणि मावशीने दाखवलं ते सगळं बघितलं: धुलाई, रोलर, काचेचं टेबल, पट्ट्या, गाडे, लिफ्ट. मग ती एकेका गोष्टीला हात लावत बोलायला लागली.

"हे बघा मावशी. आपल्या अंगात पेशी असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक. पण प्रत्येक पेशीत असं एक खातं असतं. आत नमुना लिहिलेला असतो, आणि त्या नमुन्याबरहुकूम प्रथिन बनतं. कसं? मण्यांच्या माळेसारखं. एकामागोमाग मणी ओवत लांबच लांब माळ बाहेर येते, तुमच्या रोलरमधून चादर येते तशी. पण नुसत्या माळेचा उपयोग नाही. तिची बरोबर घडी पडली तरच ती कामाची. घडी घालायला हाताखाली मदतनीस असतात, तेही प्रथिनंच."

"आणि पट्टी?"

"आहे ना. माळेच्या सुरुवातीलाच काही मण्यांची खूण असते. हे पेशीच्या बाहेर पाठवायचं, हे कातडीत बसवायचं, हे आतच ठेवायचं. खूण वाचून गाडा ठरतो."

"आणि इथे माझ्या जागेवर कोण?" मावशीने टेबलावर तळवा ठेवला.

डॉक्टरीणही टेबलाकडे वळली. "तिथे तपासनीस आहे. आणि मावशी, तो तुमच्यासारखाच आहे. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही."

मग तिने खारूताईच्या दुखण्याचं सांगितलं. पेशीच्या कातडीत मिठासाठी एक दार बसवावं लागतं. ते दार म्हणजेच असं एक प्रथिन, चौदाशे ऐंशी मण्यांचं. हे दुखणं असणाऱ्या बहुतेकांत त्यातला एकच मणी गळालेला असतो. पाचशे आठवा. एका मण्याने घडी किंचित सैल पडते. तपासनीस ते बघतो, गठ्ठ्याला खूण बांधतो आणि...

"चिंध्यांचा गाडा," मावशी म्हणाली.

"हो. तुकडे तुकडे करून टाकतात. म्हणून दार जागेवर पोचतच नाही. आणि वाईट काय माहितीये? ते दार पोचलं असतं ना, तर थोडंफार उघडलं-मिटलं असतं. अगदी छान नाही, पण काम भागलं असतं."

"म्हणजे चादर वापरण्याजोगी होती?"

"तशी होती."

"आणि तरी फाडली."

"तपासनीस फार कडक आहे मावशी. नवीन औषध काय करतं, तर ती सैल घडी धरून ठेवतं. मग तो तिला जाऊ देतो."

डॉक्टरीण वर गेली. तात्या म्हणाला, "बघा, आता डॉक्टरांनीच सांगितलं. जरा सोडत जा." त्याने वळून बघितलं, तर मावशी चिंध्यांच्या गाड्याकडे बघत उभी होती.

रक्त दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं. रिपोर्ट यायला सहा-सात आठवडे लागतील म्हणाले. घरातल्या तिघींचा जीव त्या रिपोर्टला टांगलेला. मुलगी फोन उशाशी घेऊन झोपायला लागली. खारूताईने तर ठरवूनच टाकलं की औषध आलं की ती तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढणार.

"एका दमात?" मावशीने विचारलं.

"एका दमात. आणि तू मागे राहशील, तुझे गुडघे आहेत ना."

मावशी आता रोज हात जोडायची ते नातीसाठीच. संकोच कुठल्या कुठे गेला. देवा, एकच मणी गळालेला असू दे. तिच्या आतल्या त्या तपासनिसाचा हात जरा सैल कर. वापरण्याजोगं आहे ते जाऊ दे रे त्याच्या हातून.

हे म्हणता म्हणता एका सकाळी तिच्या हातात उशीचा अभ्रा आला. कोपऱ्याशी तांदळाएवढं भोक. तिचा हात सवयीने डावीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी तिकडे सैल हात मागतेय, आणि माझा इथला हात? वापरण्याजोगा तर आहे. तिने अभ्र्याची घडी घातली आणि निळ्या गाड्यात ठेवली. एखादी चोरी केल्यासारखं तिने इकडेतिकडे बघितलं. पण काही झालं नाही. त्या अभ्र्यावर कुणीतरी डोकं टेकून झोपलं असेल, बस.

मग तिचं तेच चालू झालं. कुणाला सांगितलं नाही, नवस असा शब्दही मनात आणला नाही, पण होता तो नवसच. विरलेली चादर जाऊ दे, फिकट डागाचीही जाऊ दे, एका बाजूने आखडलेली असेल तर तीही. चिंध्यांचा गाडा दुपारपर्यंत अर्धासुद्धा भरेना. कातरयंत्रवाला बसून जांभया द्यायला लागला. मुकादम खूश झाला. वर्षानुवर्षं तो वरच्या साहेबांना नव्या चादरी मागून थकला होता. एकट्या तात्याला चैन पडेना.

"मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, सकाळपासून एकही शिवी आली नाही."

खरं सांगायचं तर निळ्या-पिवळ्या चादरींचं तिने केलं त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. उलट त्या थंडीत वॉर्डात पांघरुणं जास्त मिळाली. तिथेच थांबली असती तर हे लिहायचंही कारण नव्हतं. पण मन एकदा एका बाजूने उतरायला लागलं की ते कुठे थांबायचं हे पट्टी बघून ठरवत नाही.

चौथ्या आठवड्यात खारूताईला पुन्हा ताप भरला. तिला फुंकायला देतात त्या यंत्रावरचा आकडा आदल्या महिन्यापेक्षा बराच खाली आला. सकाळी मावशी कामावर निघाली तेव्हा मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, रिपोर्ट लवकर आला नाही तर औषध येऊन तरी काय करायचंय गं?" मावशी जिना उतरली.

त्या दिवशी टेबलावर हिरवी पट्टी आली. चादर चांगली जाड, जवळजवळ नवी. मधोमध सुईच्या टोकाएवढा उजेडाचा एक थेंब.

एकोणीस वर्षांत हिरव्या चादरीबद्दल तिने कधी दुसरा विचार केला नव्हता. आज केला. एवढ्याशा भोकातून काय जाणार आहे? बाकी सबंध चादर निर्दोष. चौदाशे ऐंशीतला एक मणी. तिने डोळे मिटले, मनात नातीचा चेहरा आणला, घडी अगदी बिनचूक घातली, चार नंबरची चिठ्ठी आत सरकवली आणि गठ्ठा हिरव्या गाड्यात ठेवला. त्यानंतर आणखी काही ठेवले. किती, ते तिने मोजलं नाही.

बारा दिवसांनी थिएटरच्या मोठ्या सिस्टर स्वतः खाली आल्या. हातात ती चादर. त्या आवाज चढवून बोलल्या असत्या तर मावशीला सोपं गेलं असतं.

"मावशी, ही तुमची चिठ्ठी ना?"

"हो."

सिस्टरनी चादर टेबलावर पसरली. थेंब चमकला. रोलर चालू होता, तरी सगळ्यांनी माना वळवल्या.

"पेशंटला भूल देऊन झाली होती. पोटावर चादर टाकली आणि दिव्याखाली मला हे दिसलं. सगळं काढलं, पोट पुन्हा औषधाने पुसलं, दुसरा गठ्ठा उघडला. त्यातही भोक. तीही तुमचीच चिठ्ठी. चाळीस मिनिटं माणूस नुसता भुलीखाली पडून होता, मावशी. सत्तरीचा माणूस. आज आम्ही सगळे गठ्ठे उघडून बघतोय. आतापर्यंत नऊ निघाले. चार नंबर बघितला की मी डोळे झाकून उघडायचे हो. बाकीच्यांचे तपासते, तुमचे नाही."

मुकादम मध्ये आला, "चुकून झालं असेल सिस्टर, वय झालंय, नजर..."

"नजर चांगली आहे माझी," मावशी म्हणाली. "मला दिसलं होतं."

"दिसलं होतं? मग?"

आता काय सांगणार? देवाशी काय बोलणं झालं होतं ते या उजेडात, या माणसांसमोर कसं मांडणार? तिने नुसती मान हलवली. सिस्टरनी चादर उचलून आपल्या हाताने चिंध्यांच्या गाड्यात टाकली आणि त्या गेल्या.

मुकादमाने मावशीला तळघराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, जिथे वरून आलेल्या मळक्या कपड्यांची बोचकी सोडतात. नव्या मुलीला टेबलाशी उभं केलं. तात्याने त्या दिवशी एकही विनोद केला नाही. सुटी झाल्यावर तो मावशीजवळ येऊन म्हणाला, "काही असेल तर सांगायचं होतंत मला. मी तुमच्या जिवावर रोलर चालवतो." मावशी म्हणाली, "सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं रे."

दुसऱ्या दिवशी ती त्या माणसाला बघायला वर गेली. मळके कपडे न्यायचं निमित्त. तो पलंगावर टेकून बसला होता, समोर पातळ सूप, आणि चमचा कुठे ठेवला ते शोधत होता. मावशीने त्याला चमचा दिला.

"तुम्ही लॉन्ड्रीतल्या ना?" त्याने विचारलं. "कपड्यात काहीतरी खोट होती म्हणे, म्हणून माझं ऑपरेशन लांबलं. सिस्टर सांगत होत्या. बरं झालं, कुणीतरी वेळेवर बघितलं."

"हो," मावशी म्हणाली. "बरं झालं."

जिना उतरताना तो पेशीतला तपासनीस तिला पहिल्यांदाच वेगळा दिसला. पाच-सहा आठवडे ती त्याला मनातल्या मनात दगडाच्या काळजाचा म्हणत होती. आता वाटलं, त्याचीही चिठ्ठी बघून डोळे झाकून गठ्ठा उघडणारं कुणी असेल. पण तसं म्हणावं तर खारूताईचं दार फाडलं ते बरोबरच, असं म्हणावं लागलं असतं. ते तिच्याने म्हणवेना. आणि खोटंही म्हणवेना. त्या दिवसापासून तिच्या प्रार्थनेचं वाक्य निम्म्यावरच अडकायला लागलं.

रिपोर्ट सातव्या आठवड्यात आला. खारूताईचा ताप उतरला होता, पण मुलगी तिला घेऊन घरीच होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तळघरात निरोप पाठवला. मावशी हात धुऊन, पदर नीट करून चौथ्या मजल्यावर गेली. डॉक्टरीण खिडकीपाशी उभी होती. बसा म्हणाली आणि स्वतःही समोर बसली, टेबलाच्या अलीकडे.

मावशीने आधी आपलंच बोलून टाकलं. काचेचं टेबल, अभ्रा, हिरवी चादर, सत्तरीचा माणूस, सगळं. "मी त्या तपासनिसाला फार शिव्या दिल्या हो. मला वाटलं, मी सैल झाले तर तोही होईल. चुकलं माझं. आता मला सांगा, त्याला काही न करता, नुसती घडी धरून ठेवणारं ते औषध आपल्या पोरीला चालेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर हात ठेवला. तो उलटा होता तसाच राहू दिला.

"मावशी, त्याचा काही दोष नाही. चुकीच्या घड्या त्याने सोडल्या तर त्या साचून पेशीच मरते. आणि हिच्या बाबतीत तर त्याने काही केलेलंच नाही."

"म्हणजे?"

"आपल्याकडे नमुन्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. हिच्या दोन्ही प्रतींमध्ये मध्येच 'थांबा' अशी खूण आहे. असायला नको तिथे. माळ ओवता ओवता निम्म्यावर तुटते. पुढचे मणी येतच नाहीत. दार बनतच नाही, मावशी."

"पण घडी..."

"घडी घालायला काही नाही. ते औषध घडी धरतं. इथे धरायला कापडच नाही."

सात आठवडे मावशी ज्याच्या पाया पडत होती, ज्याच्याशी भांडत होती, त्याच्या टेबलावर तिच्या पोरीचं काही आलंच नव्हतं. तो बिचारा रिकाम्या टेबलाशी उभा.

"मग अशांसाठी दुसरं औषध?"

"शोधतायत. जगभर शोधतायत. नमुनाच नवा देता येईल का, ती खूण ओलांडता येईल का. काही काही प्रयोग चालू आहेत."

"किती वर्षं?"

"खोटं सांगू का?"

"नको."

"माहीत नाही." डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्या ते लपवत नव्हत्या. "आता जे करतोय ते सगळं नेमाने चालू ठेवायचं. वाफ, गोळ्या, सगळं. त्याने वर्षं मिळतात."

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. मावशीला त्या दिवशी तासभर लागला. ती मध्ये एका दुकानाच्या पायरीवर बसली. हे मुलीला कसं सांगायचं याचं वाक्य जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य जुळता जुळता निम्म्यावर तुटत होतं.

मुलगी दारातच होती. आईचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "नाही ना?"

"नाही."

"एक मणी नाही?"

"नाही गं. दुसरंच आहे. दोन्हीकडून." मावशीने सांगितलं, जेवढं कळलं होतं तेवढं. मुलगी ऐकत होती आणि ओट्यावरची एकच वाटी परत परत पुसत होती.

"माझ्याकडूनपण?" ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडूनपण आलंय हे?"

"तुझ्याकडून, त्याच्याकडून. आणि तुला ते माझ्याकडून आलं की तुझ्या बाबांकडून, ते देव जाणे. कुणी बघितलं होतं?"

"तुझा देव जाणत होता ना? मग सात आठवडे कशाला बसवलंस मला आशेवर? रोज हात जोडत होतीस. काय सांगत होतीस त्याला?"

मावशीला राग आला नाही. प्रश्न बरोबर होता. "भलत्याच माणसाचा हात सैल कर, असं सांगत होते," ती म्हणाली. "मला कुठे ठाऊक होतं."

मुलीने वाटी खाली ठेवली आणि तिथेच, ओट्याला टेकून, जमिनीवर बसली. मावशी गुडघे धरत धरत तिच्याशेजारी बसली. रडायला एकीने सुरुवात करायला हवी होती, पण दोघींना आतल्या खोलीचं भान होतं.

आतून आवाज आलाच. "आजी, आलीस? आलं का माझं औषध?"

मुलीने आईकडे बघितलं. नको, असं ते बघणं होतं. मावशी उठली आणि आत गेली. खारूताई पलंगावर पाय सोडून बसली होती. एवढीशी, पण डोळे असे की त्यांच्यासमोर काही लपवणं कठीण.

"नाही आलं," मावशी म्हणाली.

"उद्या?"

"तुझ्यासारख्यांचं औषध अजून कुणाला करताच आलं नाहीये, बाळे. करतायत."

"मग कधी होणार?"

"ठाऊक नाही."

"तू विचारलं नाहीस का डॉक्टरीणबाईंना?"

"विचारलं. त्यांनाही ठाऊक नाही."

खारूताईने यावर विचार केला. आपल्या आजीला ठाऊक नाही हे तिला नवीन नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनाही नाही, हे तिला पटवून घ्यायला वेळ लागला. मग ती खोकली. बराच वेळ, लाल होईपर्यंत. खोकला थांबल्यावर ती मुकाट्याने पालथी झाली, उशी पोटाखाली ओढली आणि पाठ वर केली. संध्याकाळी सहा वाजता असं करायचं असतं हे तिला घड्याळ न बघता कळायचं. पाठ थोपटून छातीतला कफ सैल करायचा. दोन्ही बाजूंनी, वरून खाली, प्रत्येक जागी काही मिनिटं.

मावशी पलंगाच्या कडेला बसली. तळव्याचा खोलगट वाटीसारखा आकार केला आणि थोपटायला लागली. सदऱ्यातून पोरीच्या फासळ्या एकेक करून हाताला लागत होत्या. सवयीने तिने मनात देवाचं नाव घेतलं. पुढे मागणं यायचं. कुणाचा हात सैल कर म्हणावं? कुणाला सांग म्हणावं? ज्याने लिहिलं त्याच्याच लिहिण्यात ती खूण होती. ती नाव घेत राहिली, आणि नावापुढे काही येईना. दारात मुलगी येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून.

"आजी," उशीत तोंड घातलेली खारूताई म्हणाली, "डावीकडची खालची जागा राहिली. तू विसरलीस."

"हो गं," मावशी म्हणाली, आणि तिने हात खाली सरकवला.